श्रीगुरू गोविंदसिंगजी : हुकूम आणि शपथ

दीपावलीच्या पणत्या अजून पुरत्या विझलेल्या नसतात, तोच गोदातीरीच्या नांदेड नगरीत दुसऱ्या एका पर्वाची गर्दी लोटू लागते. दिवाळीस सचखंड श्री हुजूर साहिब येथे गोदावरीचे जल आणून तख्तस्नान होते, श्रीगुरूंची शस्त्रे धुऊनपुसून पुन्हा यथास्थित मांडली जातात, आणि त्यामागोमाग गुरुता-गद्दीचे व कार्तिक शुद्ध पंचमीचे दिवस येतात. याच तिथीस, ७ ऑक्टोबर १७०८ रोजी, शिखांचे दहावे गुरू श्रीगुरू गोविंदसिंगजी या नगरीत ज्योतिज्योत समावले. वय अवघे एक्केचाळीस वर्षांचे. २००८ साली या घटनेस तीनशे वर्षे झाली तेव्हा देशोदेशींचे भाविक येथे लोटले होते, हे अनेक वाचकांस स्मरत असेल.

अशा पुरुषाचे चरित्र सांगावयाचे म्हणजे लढायांची जंत्री द्यावयाची असा प्रघात आहे. आम्ही आज ते चरित्र थोड्या निराळ्या अंगाने पाहणार आहोत. ईश्वर मानणाऱ्या प्रत्येकास केव्हा ना केव्हा एक प्रश्न छळतो. सारे काही जर त्याच्याच सत्तेने चालते, तर माणूस माणसावर जे अत्याचार करतो तेही त्याच्याच सत्तेने काय? तसे असेल तर दोष कोणाचा? आणि तसे नसेल तर त्याची सत्ता कसली?

मराठवाड्यास हा प्रश्न पोथीतून शिकावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले असता, लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली व सुमारे दहा हजार जीव गेले. तेव्हा कित्येक घरांतील देव्हारे बराच काळ बंद राहिले असतील. परंतु तेथे निदान शाप द्यावयास कोणी माणूस समोर नव्हता. (दगडमातीच्या जाड भिंतींनी भूकंपाहून अधिक माणसे मारली हे खरे; पण त्या भिंती कोणी वैराने रचल्या नव्हत्या.) गुरुजींच्या वाट्यास जे आले ते वेगळे होते. तेथे प्रत्येक घावामागे एक हात होता, प्रत्येक हातामागे एक निश्चय होता आणि त्या निश्चयाआधी दिलेली एक शपथ होती.

गुरुजींचा जन्म २२ डिसेंबर १६६६ रोजी पाटण्यास झाला. पिता नववे गुरू तेगबहादूर, माता गुजरी. बाळाचे नाव गोविंदराय. नऊ वर्षांचे असताना आनंदपुरास काश्मीरचे ब्राह्मण आले. त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती होत होती आणि त्यांना कोणी वाली उरला नव्हता. त्यांचे गाऱ्हाणे घेऊन गुरू तेगबहादूर पुढे निघाले आणि नोव्हेंबर १६७५ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात त्यांचा शिरच्छेद झाला. या बलिदानातील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ज्या तिलक-जानव्याच्या रक्षणासाठी त्यांनी प्राण दिले, ते त्यांच्या स्वतःच्या पंथाचे चिन्ह नव्हते. गुरू नानकांनी तर बालवयातच जानवे नाकारले होते असे परंपरा सांगते. म्हणजे प्राण दिले ते एका चिन्हासाठी नव्हे. आपला देव, आपली उपासना ज्याची त्याने निवडावी या एका गोष्टीसाठी दिले. निवडीवाचून धर्म नाही, हा धडा गोविंदरायांस नवव्या वर्षी पित्याच्या मस्तकासह मिळाला. कारण ते मस्तक आनंदपुरास आणले गेले आणि त्याचे अंत्यसंस्कार या बालकाच्या हातून झाले.

मधली वर्षे आम्ही भराभर ओलांडतो. यमुनाकाठचे पांवटा, तेथील काव्यगोष्टी व विद्वानांचा मेळा, १६८८ ची भंगाणीची लढाई, पुन्हा आनंदपूर, डोंगरी राजांशी कधी सख्य कधी वैर. यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. थांबावयाचे ते १६९९ च्या वैशाखीपाशी.

त्या दिवशी आनंदपुरास हजारोंचा समुदाय जमला होता. गुरुजी उपसलेली तलवार घेऊन सभेपुढे आले व त्यांनी एक मस्तक मागितले. येथे एक बारकावा आहे. त्यांनी कोणाचे नाव घेतले नाही. जो गुरू शिष्यास आज्ञा देऊ शकत होता, ज्याच्या आज्ञेपुढे कित्येकांनी मान वाकविली असती, त्याने आज्ञा दिली नाही, केवळ मागणी केली. सभा स्तब्ध झाली, काही जण उठून चालते झाले असेही सांगतात. त्यांना कोणी अडविले नाही. मग एकामागून एक पाच जण उठले. लाहोरचा दयाराम खत्री, हस्तिनापूरचा धर्मदास जाट, जगन्नाथपुरीचा हिंमतराय पाणक्या, द्वारकेचा मोहकमचंद शिंपी आणि बिदरचा साहिबचंद नाभिक. लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि नांदेड जिल्ह्यातील देगलूर यांच्या पलीकडे लागलेच बिदर आहे. म्हणजे हा पाचवा प्यारा आमच्या शेजारचाच. आणि मोहकमचंदाचा धंदा तोच, जो नरसीच्या नामदेवांचा.

पुढे जे घडले त्याने सभा अधिकच चकित झाली असावी. पाचांस अमृत पाजून खालसा पंथाची स्थापना केल्यावर गुरुजींनी त्याच पाचांपुढे हात जोडले आणि आपणांसही अमृत द्यावे अशी विनंती केली. गोविंदरायांचे गोविंदसिंग झाले ते असे. ज्याने बंधन घातले त्याने तेच बंधन आपल्या गळ्यात घालून घेतले. पंथ उभा राहिला तो स्वेच्छेने दिलेल्या वचनावर, आणि वचन हा शब्द या चरित्रात पुढे वारंवार येणार आहे.

आनंदपुरास अखेरचा वेढा पडला तो १७०४ साली. काही अभ्यासक ही सारी वर्षे एकेकाने पुढे सरकवतात. मोगल फौजा व डोंगरी राजे एकत्र आले होते. महिने लोटले, धान्य संपले. या झुंजींच्या दिवसांतील दोन प्रसंग आठवतात. भाई कन्हैया नावाचा एक शीख पखाल घेऊन जखमींस पाणी पाजत हिंडे आणि त्यात शत्रूकडील जखमींसही पाजी. त्याची तक्रार गुरुजींकडे गेली. त्याने आपणांस सर्वांत एकच रूप दिसते असे निवेदन करताच गुरुजींनी त्यास पाण्याबरोबर मलमपट्टीही दिली. दुसरा प्रसंग नेमका उलट. उपासमारीने खचलेल्या चाळीस शिखांनी, आपण यांचे शिष्य नव्हे, असे लिहून दिले आणि ते गड सोडून गेले. ते पत्र, ज्यास बेदावा म्हणतात, गुरुजींनी घेतले आणि जपून ठेविले. जाणाऱ्यांवर त्यांनी ना शस्त्र उगारले ना शाप दिला.

शेवटी वेढा घालणाऱ्यांनी तह मांडला. कुराणाची शपथ, गाईची शपथ. गड सोडा, वाटेत कोणी हात लावणार नाही. गुरुजींचा त्यावर विश्वास नव्हता. पण गडावरील माणसांची दशा पाहून त्यांनी गड सोडला. सरसा नदीच्या पुरात, डिसेंबरच्या थंडीत, शपथा मोडून हल्ला झाला. कुटुंबाची ताटातूट झाली. चमकौरच्या कच्च्या गढीत मूठभर शिखांसह गुरुजी लढले. थोरले पुत्र अजितसिंग व जुझारसिंग, अनुक्रमे अठरा व चौदा वर्षांच्या सुमाराचे, डोळ्यांदेखत पडले. पंचप्याऱ्यांतील तिघे, त्यांत बिदरचा साहिबसिंगही, तेथेच पडले. माता गुजरी आणि धाकटे दोन नातू, जोरावरसिंग व फतेसिंग, घरच्याच एका जुन्या सेवकाच्या लोभामुळे सरहिंदचा फौजदार वजीरखान याच्या हाती लागले. एक नातू आठ-नऊ वर्षांचा, दुसरा त्याहूनही लहान.

सरहिंदच्या त्या दरबारापाशी आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण आमच्या प्रश्नाची गाठ तेथे आहे. मुलांना धर्म सोडण्यास सांगितले गेले. त्यांनी नकार दिला. मग त्यांना भिंतीत चिणण्याची व ठार मारण्याची आज्ञा झाली. त्याच दरबारात मालेरकोटल्याचा नवाब शेर मुहम्मदखान बसला होता. त्याचा एक भाऊ गुरुजींविरुद्धच्या लढाईत मारला गेला होता असे सांगतात. सूड घेण्याची आयती संधी त्याच्यापुढे वाढून ठेवली होती. तो उठला, आणि बापाचे वैर कोवळ्या मुलांवर काढणे हे आपल्या धर्मास मान्य नाही असा उघड निषेध करून निघून गेला. त्याच छताखाली, त्याच धर्माचा, त्याच बादशहाचा चाकर. वजीरखानास जे दिसत होते तेच त्यास दिसत होते. एकाने आज्ञा दिली, दुसऱ्याने ती नाकारली. कर्म, नियती, काळाचा महिमा, या शब्दांनी वजीरखानाची सुटका करू पाहणाऱ्यांनी आधी शेर मुहम्मदखानाचे काय करावयाचे ते सांगावे. ज्या मोकळेपणाने एकाने पाप केले त्याच मोकळेपणाने दुसऱ्याने त्याचा धिक्कार केला. परमेश्वराने वजीरखानाचा हात धरावयाचा तर त्याच न्यायाने शेर मुहम्मदखानाची जीभही त्यानेच हलविली असे म्हणावे लागेल, आणि मग त्या निषेधाचे मोल ते काय उरले?

युक्तिवाद म्हणून हे ठीक आहे. परंतु दोन बालकांच्या भिंतीपुढे उभे राहून हा युक्तिवाद उच्चारण्याचे धैर्य आम्हांस नाही. आणि नवल असे की गुरुजींनीही तो कधी उच्चारला नाही. ही बातमी त्यांस रायकोटनजीक कळली. परंपरा सांगते की त्यांनी शांतपणे ती ऐकली, ज्याची ठेव होती त्याने ती परत घेतली अशा भावनेने परमेश्वराचे स्मरण केले, आणि मग बाणाच्या टोकाने एक रोपटे मुळासकट उपटून, हे जुलमी राज्यही असेच उपटले जाईल असे सूचित केले.

या दोन कृती एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. शीख धर्मविचारात हुकूम ही कल्पना केंद्रस्थानी आहे. गुरू नानकांच्या जपजीचा आरंभच हुकुमाच्या विचाराने होतो; त्याच्याबाहेर काही नाही. मग वजीरखान हुकुमाच्या आत की बाहेर? पोथीतील तर्काने पाहिले तर हे कोडे सुटत नाही. गुरुजींनी ते आचरणाने असे सोडविले की, हुकूम हा शब्द त्यांनी स्वतःच्या दुःखापुरता वापरला, दुसऱ्याच्या गुन्ह्यापुरता नाही. माझे पुत्र गेले, ती त्याची मर्जी. पण तू मारलेस, तो तुझा अपराध. आमच्याकडे अनेक कीर्तनांत सर्व काही भगवंताची लीला म्हणून रावणासही क्षणात निर्दोष ठरविले जाते. ऐकावयास ते गोड वाटते. गुरुजींना ते मानवले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचा लेखी पुरावाच आहे. दीना या गावी गुरुजींनी औरंगजेबास फारसी पद्यात पत्र लिहिले, तेच जफरनामा. सर्वस्व गमावलेल्या माणसाने जेत्यास लिहिलेले पत्र, आणि नाव मात्र विजयपत्र! त्याचा गाभा सैन्याविषयी नाही, राज्याविषयी नाही, पुत्रशोकाविषयीही फारसा नाही. तो मोडलेल्या शपथेविषयी आहे. ज्या ग्रंथावर हात ठेवून तुम्ही वचन दिलेत त्या ग्रंथाशी तुम्ही प्रामाणिक राहिला नाहीत, आणि परमेश्वरापुढे याचा जाब द्यावा लागेल, असा त्याचा आशय. सारे उपाय हरल्यावरच शस्त्र धरणे योग्य होय, हे प्रसिद्ध प्रतिपादनही त्याच पत्रातले. वाचकांनी ध्यानात घ्यावे की शपथभंगाचा आरोप केवळ त्याच्यावरच करता येतो ज्याला शपथ पाळणे शक्य होते. वाघावर कोणी असा आरोप करीत नाही, भूकंपावर करीत नाही. औरंगजेबास दोष देताना गुरुजींनी त्यास माणूस म्हणून मान दिला. तो ईश्वरास मानतो हे धरूनच ते बोलतात, त्याच्या गुणांचाही उल्लेख करतात आणि समोरासमोर भेटीस बोलावतात. अजूनही बदलण्याची वाट त्यास खुली आहे असे मानल्यावाचून असे पत्र कोणी लिहीत नाही.

हे पत्र घेऊन पंचप्याऱ्यांतील हयात राहिलेले दोघे, दयासिंग व धर्मसिंग, दक्षिणेत निघाले, कारण बादशहाचा मुक्काम तेव्हा आमच्या अहमदनगरास होता. पत्र त्याच्यापर्यंत पोचले. म्हातारा बादशहा त्याने हलला असे सांगतात. भेट मात्र घडावयाची नव्हती. १७०७ च्या आरंभी औरंगजेब अहमदनगरासच मरण पावला.

दरम्यान, बेदावा लिहून गेलेल्या त्या चाळिसांचे काय झाले? माई भागो नावाच्या एका स्त्रीने त्यांची निर्भर्त्सना केली आणि स्वतः शस्त्र धारण करून त्यांना परत आणले. खिद्राणाच्या तळ्यापाशी पाठलागावरील मोगल फौजेस त्यांनी अडविले आणि ते तेथे पडले. लढाईनंतर गुरुजी एकेकाजवळ गेले. महासिंग नावाचा एक जण अजून धुगधुगत होता. त्याने एकच मागितले, ते पत्र फाडावे. इतक्या पळापळीत, सर्वस्व लुटले गेले असता, तो कागद गुरुजींनी जवळ बाळगला होता. तो त्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत फाडला. त्या स्थळास आज मुक्तसर म्हणतात. माई भागो पुढे गुरुजींबरोबर नांदेडास आली. सचखंडाच्या आवारात तिच्या नावाची वास्तू आहे आणि तिचा अखेरचा काळ बिदरजवळच्या जिनवाडा गावी गेला.

नवा बादशहा बहादूरशहा याच्याशी गुरुजींची भेट आग्र्यास झाली आणि त्याच्या छावणीसोबत ते दक्षिणेकडे निघाले. वजीरखानास शासन व्हावे ही त्यांची अपेक्षा होती. बादशहा मात्र आज-उद्यावर ढकलत राहिला. १७०८ साली गुरुजी नांदेडास पोचले आणि येथेच राहिले. नगीना घाट, शिकारघाट, हिराघाट, मालटेकडी, संगतसाहिब ही सारी स्थाने त्या काही आठवड्यांच्या वास्तव्याची साक्ष देत उभी आहेत.

गोदावरीच्या काठी तेव्हा माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. मूळचा तो जम्मूकडील राजौरीचा, नाव लछमनदेव. तरुणपणी शिकार करताना त्याने एक हरिणी मारली. तिच्या पोटातून निघालेली पिले समोर तडफडून मेली. त्या दृश्याने त्याचे मन फाटले, घर सुटले. नाशिकच्या पंचवटीत काही काळ काढून तो नांदेडास स्थिरावला आणि सिद्धींच्या नादी लागला. हिंसेचा वीट येऊन संसार सोडलेला हा माणूस गुरुजींपुढे आला, आणि सप्टेंबर १७०८ मध्ये त्यांचा शिष्य, बंदा, होऊन उठला. गुरुजींनी त्यास पाच बाण, नगारा व निशाण देऊन पंजाबकडे धाडले. दुष्टाव्यापासून पळून जाण्याची वाट त्यांनी बंद केली असे म्हणावे लागते.

त्याच सुमारास एका पठाणाने गुरुजींवर कट्यारीचा वार केला. वजीरखानाने धाडलेला मारेकरी तो, असे बहुतेक सांगतात. अन्य कथाही आहेत. गुरुजींनी त्यास जागीच ठार केले. बादशहाने शल्यवैद्य धाडला, जखम शिवली गेली, भरूनही येऊ लागली. परंतु एक कणखर धनुष्य ओढताना टाके उसवले. अंतसमय जवळ आला असे पाहून गुरुजींनी ग्रंथसाहिबापुढे पाच पैसे व नारळ ठेवून मस्तक टेकविले आणि गुरुगादी ग्रंथाकडे सोपविली. यापुढे देहधारी गुरू नाही. ज्या ग्रंथास त्यांनी मस्तक टेकविले त्यात त्यांच्या पित्याची वाणी त्यांनीच समाविष्ट करविली होती. स्वतःच्या रचना मात्र त्यात घातल्या नाहीत. नरसीच्या नामदेवांची एकसष्ट पदे त्यात आहेत. नरसी नांदेडपासून फार दूर नाही.

पुढे महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात येथे सचखंडाची वास्तू उभारविली, हे सर्वश्रुत आहे.

मे १७१० मध्ये बंदासिंगाने चप्पडचिडीच्या रणात वजीरखानास ठार करून सरहिंद घेतले. योगायोग असा की, ईश्वर न्यायी असता जगात पाप का, या प्रश्नावर लायब्निझ या जर्मन तत्त्ववेत्त्याचा थिओडिसी हा मोठा ग्रंथ त्याच साली युरोपात प्रसिद्ध झाला. सरहिंदेत जी लूट व कत्तल झाली ती कितपत न्याय आणि कितपत सूड, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. ज्या माणसाने दोन पाडसांसाठी घर सोडले होते त्याच्या फौजेकडून हे झाले, ही गोष्ट आम्हांस बोचते आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १७१६ साली दिल्लीस बंदाचाही हालहाल करून वध झाला. त्याआधी त्याच्या लहानग्या पुत्रास त्याच्यासमोर मारले गेले.

मालेरकोटला मात्र शिखांच्या लुटीतून वाचले. शेर मुहम्मदखानाचे ते चार शब्द कोणी विसरले नव्हते. १९४७ च्या ऑगस्टात सारा पूर्व पंजाब पेटला असता त्या लहानशा संस्थानातील मुसलमान वस्तीस हात लागला नाही. तेथील गुरुद्वाऱ्यास आज ‘हा दा नारा’ असे नाव आहे.